फ्रेममध्ये बसवलेलं उत्तर

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हार घातला, ते मी समजू शकते. आपल्याकडे नव्या ट्रॅक्टरलाही घालतात. नारळ फोडला, तेही चाललं. पण नारळाचं पाणी चहूकडे शिंपडायची हौस हेडसरांना कुणी सांगितली होती? ते नेमकं कीबोर्डात गेलं. यंत्र सांगलीला दुरुस्तीला गेलं ते दिवाळी उलटल्यावरच परत आलं, आणि मग त्याचं पुन्हा उद्घाटन झालं. पुन्हा हार, पुन्हा नारळ. या खेपेला नारळ व्हरांड्यात फोडला, एवढीच काय ती प्रगती.

साल अठ्ठ्याण्णव. मी रोज सांगलीहून एसटीनं कृष्णाकाठच्या या गावी यायचे आणि नववी-दहावीला मराठी शिकवायचे. माझं नाव चारुशीला, पण शाळेत मी नुसती 'बाई'. माझ्यामागं मला 'तिखट बाई' म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत. त्या शाळेत राहून जिचं डोकं फिरत नाही, तिला मुळात डोकंच नसणार.

कॉम्प्युटर आणला आप्पासोंनी. आप्पासो म्हणजे आमच्या संस्थेचे चेअरमन. नजर पोचेल तिथपर्यंत त्यांचा ऊस. पुतण्याच्या ॲडमिशनसाठी ते पाचगणीला एका बोर्डिंग शाळेत गेले होते, तिथं त्यांनी पोरांना इंटरनेटसमोर बसलेलं पाहिलं. परत आले ते घुश्शातच. "त्या पोरास्नी शिंगं हायती काय? आपल्या पोरांनीबी इंटरनेट बघाय पायजे," म्हणाले. बोलल्याप्रमाणे पैसा टाकला, याबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही. नावं ठेवण्यासारखं पुढं पुष्कळ आहे.

यंत्र ठेवलं हेडसरांच्या खोलीत. त्यावर त्यांच्या पत्नीनं विणलेलं मोरांचं आच्छादन. शेजारी फोन, फोनला कुलूप, कुलपाची किल्ली हेडसरांच्या खिशात. इंटरनेटसाठी सांगलीला फोन लावावा लागे, तो लागला की यंत्र किंचाळे, आणि हेडसर व्हरांड्यातल्या पोरांना ओरडून गप्प करत, जणू त्यांच्या आवाजानं लाईन तुटणार होती. पोरांनी यंत्र पाहिलं ते खिडकीतून.

मग निघालं फर्मान. प्रत्येक विषयाच्या लेखनात इंटरनेटचा वापर झालाच पाहिजे. इतिहास, भूगोल, विज्ञान, मराठी, कुणालाही सूट नाही. मला आधी आनंदच झाला होता. आमच्याकडे पोरांचं लेखन म्हणजे काय, तर गुरुजी गाईडमधला निबंध फळ्यावर लिहितात आणि सगळा वर्ग तो वहीत उतरवतो. मार्क अक्षराला आणि समासाला. 'माझी आई' या निबंधात सगळ्या वर्गाची आई एकच, तिची साडी एका रंगाची आणि ती सगळ्यांना एकाच दिवशी रागावलेली. मला वाटलं, आता तरी पोरांना दुसरं काही वाचायला मिळेल, चार ठिकाणचं वाचून आपलं आपण लिहावं लागेल.

कसलं काय! भूगोलाच्या सरांनी ज्वालामुखीवरचं एक इंग्रजी पान छापून घेतलं. इंग्रजीच्या सरांनी त्याचं मराठी केलं. आणि ते मराठी फळ्यावर लिहिलं गेलं. गाईडच्या जागी इंटरनेट, बाकी फळा तोच. मी सहज नववीच्या वह्या चाळल्या तर प्रत्येक वहीत लाव्हारसाच्या परिच्छेदाखाली सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, 'मागील पानावर जाण्यासाठी येथे दाबा.' खाली लाल शाईची रेघ. सगळ्यांना दहापैकी नऊ. तालुक्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला, 'इंटरनेटचा स्तुत्य उपयोग.' पोरांना हसावं तर त्यांचा काय दोष? त्यांना फळ्यावरचं उतरवायलाच तर शिकवलं होतं आम्ही.

मी वेगळा रस्ता धरला. सांगलीत नुकतंच एक नेट कॅफे निघालं होतं. तिथं रविवारी बसून मी शोधत राहिले आणि मला ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाचं शाळकरी मुलांसाठीचं पान सापडलं. मातीबद्दल काहीही विचारा, आम्ही उत्तर देऊ, असं तिथं लिहिलं होतं. उत्तर द्यायच्या त्या रूथ नावाच्या बाई, मातीच्या शास्त्रज्ञ. मुलांनी पुढं आपल्या रानात काही पाहून लिहून पाठवलं तर ते लेखन त्या मुलांच्या नावानिशी त्या पानावर लावत. केनियातल्या एका मुलाचं होतं, मेक्सिकोतल्या एका मुलीचं होतं. अट एकच, प्रश्न मुलांचा हवा आणि शाळेच्या ई-मेल पत्त्यावरून यायला हवा.

मी नववीच्या वर्गात विचारलं, "मातीबद्दल कुणाला काय प्रश्न पडलाय?" वर्ग फळ्याकडे बघत बसला. मी काहीतरी लिहीन आणि ते उतरवायचं, या तयारीत. शेवटी मागच्या बाकावरून शिवांजली उठली. तिचे वडील फौजेत, जम्मूकडे कुठंतरी. रान बघायची तिची आई, अंबूबाई. शिवांजली एरवी तोंड न उघडणारी पोर.

"बाई, आमची वढ्याकडची पट्टी पांढरी पडलीया. मीठ सांडल्यावानी. ऊस करपतोय. आई म्हणती पानी कमी पडतंय, म्हणून ती आनखी पानी सोडती. तर आनखीच पांढरी हुतीया. असं का, ते इचारू का?"

मी म्हटलं, हाच प्रश्न. तिनं तो मराठीत लिहिला, मी आणि तिनं शब्दकोश पुढ्यात घेऊन इंग्रजीत केला. वाक्यं तिचीच ठेवली, मोडकी तर मोडकी. हेडसरांच्या मागं लागून, कुलूप उघडवून, तो धाडला. खाली नाव शिवांजली, इयत्ता नववी.

आणि उत्तर आलं! रूथबाईंनी पानभर लिहिलं होतं. वर, 'प्रिय शिवांजली, तुझा प्रश्न मला फार आवडला.' मग सांगितलं होतं, की मातीत खोलवर क्षार असतात, जादा पाण्यानं जमिनीखालचं पाणी वर चढतं, ते क्षार घेऊन येतं, पाणी उन्हानं उडून जातं आणि क्षार वर राहतात. म्हणून जितकं पाणी जास्त तितकी माती पांढरी. आमच्या ऑस्ट्रेलियातही उसानं अशी रानंच्या रानं नासली आहेत, तिथं पाणी कमी करून चर काढावे लागले. शेवटी पोरीला काम दिलं होतं. पट्टीत खड्डा काढ, पाणी किती खाली लागतं ते बघ, रानाला पाणी देण्याआधी आणि दिल्यावर मोज, आणि मला लिही. मार्चअखेरपर्यंत आलं तर तुझं लेखन तुझ्या नावानं लावीन.

मी ते वर्गात मराठीतून वाचून दाखवलं. शिवांजलीनं दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला होता. "मला लिव्हलंय, बाई?" तिनं विचारलं. तिला पाण्यापेक्षा तेच नवल वाटलं, की एवढ्या लांबून कुणी तिला विचारलं होतं, तू बघ आणि मला सांग.

दुसऱ्या दिवशी पाहते तो शाळेत मांडव. आप्पासोंचा सत्कार. कशाबद्दल? तर ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठाकडून संस्थेला आलेल्या सन्मानपत्राबद्दल. परदेशी पत्र, वर विद्यापीठाचं चिन्ह, खाली डॉक्टर म्हणून सही. आमच्या शहाण्यांच्या दृष्टीनं असलं पत्र म्हणजे सन्मानपत्रच. ते वाचायचं असतं, त्याला उत्तर द्यायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच नाही. त्याला शाल, श्रीफळ, फेटा द्यायचा असतो. छापलेला कागद सोनेरी फ्रेममध्ये घालून टेबलावर उभा केला होता, आणि त्याला झेंडूचा हार.

मी जवळ जाऊन पाहिलं. वरच्या दोन ओळी नव्हत्या.

"फ्रेमवाल्याकडं तयार माप होतं," हेडसर म्हणाले. "कागद लांब पडत होता. वरचं मायन्याचं थोडं कापलं. मजकूर सगळा आहे की!"

मायना म्हणजे शिवांजलीचं नाव. त्या कापलेल्या जागी टंकलेली चिठ्ठी डकवली होती. 'माननीय आप्पासाहेबांच्या प्रेरणेने.' आणि गंमत बघा, त्या काचेमागं स्पष्ट लिहिलेलं की उसाला जादा पाणी देऊन जमिनी नासतात. ते गळ्यात हार घालून उभं, आणि शेजारी आप्पासो भाषण करताहेत की पुढल्या साली आणखी पाणी आणू, आणखी ऊस लावू. टाळ्या. इंग्रजीचे सरही टाळ्या वाजवत होते. त्यांना तर ते वाचता येत होतं!

शिवांजली गर्दी पांगल्यावर फ्रेमजवळ आली. काचेवर बोट ठेवून एकेक ओळ बघत खाली गेली, पुन्हा वर आली. "बाई, ह्यात माझं नाव कुटं हाय?"

"कापलं," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते? खोटं बोलायला मला त्यांच्याइतकं जमत नाही.

"मग त्या बाईस्नी मी लिव्हायचं का न्हाई?"

"लिहायचं. काय वाट्टेल ते झालं तरी लिहायचं."

आणि लिहिलं तिनं! पट्टीच्या कडेला आईच्या मदतीनं खड्डा काढला. उसाच्या कांडीवर खिळ्यानं खुणा करून ती मापाची काठी केली. पाणी द्यायच्या आधी मोजलं, दिल्यावर मोजलं, मोटार बंद पडली तेव्हा मोजलं. मी तिला म्हटलं, हे एकाच विषयाचं नाही. विज्ञानाच्या वहीत मापं लिही, भूगोलाच्या वहीत रानाचा उतार काढ, पांढरं कुठून सुरू होतं ते दाखव, आणि मराठीच्या वहीत तुझी आई त्या पट्टीबद्दल काय बोलते ते लिही. तिनं तिन्ही लिहिली. मराठीत लिहिलं होतं, 'पाणी कमी द्यायचं म्हटलं तर आईला उपाशी लेकराच्या पुढचं ताट ओढल्यासारखं वाटतं.' मी इतकी वर्षं निबंध तपासते आहे. असं वाक्य मला कुठल्या फळ्यावरून मिळालं नव्हतं. विज्ञानाच्या सरांनी मात्र तिला शून्य दिलं, कारण बाकी वर्गाप्रमाणे तिनं फळ्यावरचा ध्वनिप्रदूषणाचा पाठ उतरवला नव्हता.

तिघींनी मिळून आम्ही त्याचं इंग्रजी केलं. तिघी म्हणजे मी, ती आणि शब्दकोश. मार्च उजाडला होता. मी तो कागद हेडसरांच्या हातात दिला आणि म्हटलं, आज धाडा, माझ्यासमोर धाडा. ते म्हणाले, लाईन लागत नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "पाठवलं, बाई, पाठवलं. तुम्हाला माझ्यावर विश्वास नाही का?"

नव्हता. पण माणूस हेडमास्तर असून एका पोरीच्या कागदाबद्दल तोंडावर खोटं बोलेल, इतकं मलाही वाटलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला रूथबाईंचं दुसरं पत्र आलं. मी शिपायाला चहा पाजून तो छापलेला कागद आधी वाचला. पत्र आप्पासोंच्या नावे होतं, आणि खाली इकडून गेलेलं पत्रही जसंच्या तसं आलं होतं. त्यातून मला कळलं, की हेडसरांनी पोरीचं लेखन धाडलंच नव्हतं. धाडलं होतं ते आभाराचं पत्र, इंग्रजीच्या सरांकडून लिहून घेतलेलं. 'आमच्या चेअरमन साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचा आपण केलेला गौरव' वगैरे, संस्थेच्या शाखांची नावं, आणि वार्षिक स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुण्या म्हणून येण्याचं निमंत्रण, येताना जमल्यास दोन कॉम्प्युटर. रूथबाईंनी सभ्यपणे उत्तर दिलं होतं. प्रश्न एका मुलीचा आहे असं मी समजत होते, तो आपला आहे हे आता कळलं. आमचं पान फक्त मुलांसाठी आहे, म्हणून आपलं नाव तिथे लावता येणार नाही. शिवांजली नावाची मुलगी खरोखर असेल तर तिला सांगा, मी तिच्या मापांची महिनाभर वाट पाहिली.

मी हेडसरांच्या खोलीत गेले. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते शांतपणे पान चघळत होते. म्हणाले, "बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता. पोरीचं लिखाण तिकडं गेलं असतं तर संस्थेला काय मिळालं असतं? उलट उसाबद्दल काहीबाही छापून आलं असतं. आप्पासो काय म्हणाले असते?" म्हणजे यानं वाचलं होतं! वाचून दाबलं होतं! इतके दिवस मी समजत होते, की हे अडाणीपण आहे. अडाणीपणाला औषध असतं.

"आणि हे बघा," ते पुढे म्हणाले, "हे दुसरं पत्रही फ्रेम करायला दिलंय. आप्पासोंचं नाव आहे यात, वरच्या ओळीत. आता कापायला नको. स्नेहसंमेलनात त्याचं मराठी थोडक्यात तुम्ही सांगा."

मी हो म्हणाले. ते चकित झाले.

शिवांजलीला मी सगळं सांगितलं, काही न लपवता. ती रडली नाही. मी विचारलं, "स्टेजवर तू वाचशील? मराठीतून, जसं आहे तसं?" ती म्हणाली, "वाचते. आई बी येनार हाय."

स्नेहसंमेलनाला सगळा गाव लोटला होता. लेझीम झालं, देशभक्तीचा नाच झाला. स्टेजवर दोन फ्रेमा शेजारी शेजारी, दोन्हींना हार. 'ऑस्ट्रेलियाहून आलेल्या दुसऱ्या गौरवपत्राचं वाचन' असं हेडसरांनी माईकवर सांगितलं, मी शिवांजलीला पुढे केलं. हेडसरांच्या कपाळावर आठी आली, पण एवढ्या लोकांदेखत पोरीला खाली कोण ढकलणार?

तिनं वाचलं. आवाज आधी कापत होता, मग सरळ झाला. 'प्रश्न एका मुलीचा आहे असं मी समजत होते.' वाचलं. 'आपलं नाव लावता येणार नाही.' वाचलं. 'मी तिच्या मापांची महिनाभर वाट पाहिली.' तेही वाचलं. आणि कागद खाली करून आपल्या मनानं म्हणाली, "ती मुलगी म्या हाय. परश्न माझा हुता. मापं मी काढली हुती, ती धाडली न्हाईत."

मला वाटलं, आता उठेल कुणीतरी.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अगदी मागपर्यंत. कुणीतरी शिट्टी मारली. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या, पोरगी काय खणखणीत बोलती! आप्पासो खूश होऊन उठले. "लय ग्वाड वाचलंस गं, पोरी. आपल्या शाळेच्या पोरी अशा धीट पायजेत!" आणि तिथल्या तिथं त्यांनी तिला बक्षीस दिलं. काय दिलं असेल? टेबलावरची पहिली फ्रेम, तिच्यासाठीच उचलून दिली. तिच्या नावाच्या ओळी कापलेली. तिच्याच हातात. हेडसर सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होते, सगळ्यांच्या नंतर थांबले.

ती पायऱ्या उतरून माझ्याकडे आली. फ्रेम छातीशी धरलेली, झेंडूच्या पाकळ्या पोलक्यावर. मागं पुढचा नाच सुरू झाला होता, त्यामुळे तिला माझ्या कानाशी येऊन बोलावं लागलं. "बाई, कुणी ऐकलंच न्हाई."

त्या रविवारी मी तिला सांगलीच्या नेट कॅफेत घेऊन गेले. शाळेच्या पत्त्याची अट मोडणार होती, तारीखही उलटून गेली होती, हे मी तिला आधीच सांगितलं. ती म्हणाली, पान ऱ्हाऊ द्या, बाई, त्यास्नी म्हाईत पायजे. खुर्चीवर पुढे सरकून बसली आणि एका बोटानं अक्षरं शोधू लागली. सगळ्यात वर नाव घातलं. मग पहिली मापं लिहिली आणि पुन्हा नाव घातलं. मग रानाच्या उताराबद्दल दोन ओळी, आणि पुन्हा नाव. आईचं ते ताटाचं वाक्य, त्याच्याखाली नाव.

मी म्हटलं, "अगं, एकदा लिहिलं की पुरे असतं. इतक्यांदा कशाला?"

तिनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"वरनं कापलं तर खालचं ऱ्हाईल, बाई," ती म्हणाली, आणि पुढचं अक्षर शोधू लागली.